बैलांचा पारखी कार्टूनला जातो

माकणीच्या वैजनाथला कुठली गोष्ट पसंत पडल्याचं गावात कुणी ऐकलं नव्हतं. लग्नात जेवायला बसला की भात गिच्च झालेला, कीर्तनाला बसला की बुवाचा घसा बसलेला, आणि धरण काठोकाठ भरलं तरी पाणी गढूळ. लोक हसून सोडून देत, कारण नावं ठेवणं हाच त्याचा धंदा होता. वैजनाथ बैलांचा पारखी. पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी वैजनाथला गाडीवर घालून बाजारात न्यायचा. वैजनाथ जनावराभोवती एक फेरी मारायचा, चालवून बघायचा, बसवून उठवायचा, आणि मग मालकाच्या तोंडावर एकेक खोड काढायला सुरुवात करायचा. खुरं फाकलीत. डोळ्याला पाणी येतंय. चालताना मागचा पाय ओढतोय. जनावर जितकं मनात भरलेलं, तितक्या खोडी जास्त. मालकही काही दूधखुळा नसायचा. पारखी नावं ठेवायला लागला की गिऱ्हाईक पक्कं झालं असं समजून तो निवांत तंबाखू मळायला घ्यायचा.

असा हा माणूस एका रविवारी धाराशिवला कार्टूनचा सिनेमा बघायला निघाला. आपण होऊन नव्हे. त्याची लेक निकिता पुण्यात एका कंपनीत कामाला होती. कॉम्प्युटरवर माणसं-जनावरं काढायची आणि त्यांना चालवायचं, हे तिचं काम. वैजनाथ त्याला ‘रेघोट्या’ म्हणायचा. दोन वर्षं ती ज्या सिनेमासाठी खपली होती तो आता थेटरात लागला होता, आणि तिला सास्तूरचं एक स्थळ आलेलं होतं. गुंडाप्पा आणि हरणाबाईचा थोरला, कुलदीप, लातूरला बँकेत. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोरापोरीचं फोनवर तीनचारदा बोलणं झालं, निकिताला पोरगा बरा वाटला. अडलं होतं एकाच ठिकाणी. गुंडाप्पाचं म्हणणं, लग्न झालं की हे कार्टून-बिर्टून बंद. निकिताचं म्हणणं, कंपनी लातूरला घरी बसून काम करू देते, मग बंद कशाला? शेवटी तीच म्हणाली, तुम्ही एकदा सिनेमा बघा आणि मग काय ते ठरवा. गुंडाप्पा कबूल झाला.

निघायच्या आधी तिनं वैजनाथला परसात गाठलं.

“आप्पा, आज एकच करा. पिक्चर संपल्यावर त्यांच्यासमोर म्हणा, पोरीनं काम चांगलं केलंय. एकदाच.”

“बघू की. चांगलं असंल तर म्हणंल,” वैजनाथ म्हणाला.

उमाबाई, त्याची बायको, दारातून ऐकत होती. तीस वर्षांच्या संसारात तिच्या हातच्या एका भाकरीलाही त्यानं चांगलं म्हटलेलं नव्हतं. तिनं नुसता देवाला हात जोडला.

धाराशिवच्या थेटरात दोन्ही घरची मंडळी एका रांगेत बसली. सिनेमाचं नाव ‘चौथी जान’. हिंदीतला. मोबाईलमधल्या एका जुनाट खेळात राहणारं एक कुटुंब. बाप एका पुलावर उभा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘आगे खतरा है’ एवढंच म्हणायचं, हीच त्याची जन्माची नोकरी. आई औषधाच्या बाटल्या विकणारी. पोरगा चौकोनी. चौकोनी म्हणजे डोकं चौकोनी, पोट चौकोनी, हातसुद्धा विटांसारखे. त्याच्या डोक्यावर तीन लाल बदाम तरंगत असायचे. तो मेला की एक बदाम फुटायचा आणि पोरगा पुन्हा उठून उभा. कंपनी हा खेळ बंद करणार अशी कुणकुण लागते, आणि सगळं घरदार ह्या खेळातून त्या खेळात पळत सुटतं, पोराला चौथा जीव शोधायला.

दहा मिनिटं झाली असतील नसतील, गुंडाप्पानं मान वळवली.

“ह्यात माणसं कवा येणार?”

“माणसं नाहीत बाबा ह्यात. सगळी काढलेली आहेत,” कुलदीप म्हणाला.

“म्हंजे पगार वाचवला म्हणा की!”

“पगार वाचवला आन अक्कल बी वाचवली,” वैजनाथ म्हणाला. “पोरगं चौकोनी, बाप ठोंब्या, आन आई बाटल्या इकती. असल्या घरात कोण पोरगी दील?”

गुंडाप्पा खदखदून हसला. वैजनाथला कुणी हसून दाद दिली की त्याच्या जिभेला चाक लागायचं. मग त्यानं काही शिल्लक ठेवलं नाही. गाणं लागलं तर भांडी पडल्यागत वाजतंय. राक्षस आला तर पोट सुटलंय, ह्याला कोण भिणार. बाप पोराला मिठी मारतो तिथं तर त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “चौकोनाला मिठी मारली की कोपरं टोचत नसतील का?” मागच्या रांगेतूनही हसू आलं.

थेटरातली बाकीची जनताही त्याच्याच वळणाची निघाली. पुढं कॉलेजची चार पोरं बसली होती. खेळ भारी होता, ह्यांनी वाट लावली, असं ती एकमेकांना सांगत होती आणि सांगता सांगता मोबाईलवर तोच खेळ खेळत होती. एक चष्मेवाले गृहस्थ बायकोला पटवून देत होते की असल्या सिनेमांनी मुलांची डोकी बिघडतात. त्यांची स्वतःची दोन मुलं खुर्चीवर उभी राहून किंचाळत होती, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. कोपऱ्यात एकजण तिकीट काढून सरळ घोरत होता. घोरण्याबद्दल मात्र वैजनाथनं काही नाव ठेवलं नाही. तेवढाच एक शहाणा, असं त्याचं मत पडलं.

हरणाबाईची तऱ्हा आणखी निराळी. पोरगा पहिल्यांदा कड्यावरून खाली पडला तेव्हा तिनं, “आगं बया, मेलं की लेकरू!” म्हणून पदर डोळ्याला लावला. बदाम फुटला, पोरगा उठून चालायला लागला. हरणाबाईनं डोळे पुसले आणि तिला रागच आला.

“उठायचंच हुतं तर मला कशाला रडीवलं?”

दुसऱ्यांदा तो मेला तेव्हा तिनं पिशवीतून शेंगा काढल्या. तिसऱ्यांदा तिनं वर बघितलंसुद्धा नाही. “उठंल त्यो,” म्हणून शेंगा सोलत राहिली.

ह्या सगळ्यात निकिता मधल्या खुर्चीवर अंग चोरून बसली होती. प्रत्येक हशागणिक ती थोडी थोडी खाली सरकत होती. मध्यंतरात वैजनाथनं समोसा खाल्ला, बटाटा कच्चा आहे म्हणाला, आणि दुसरा मागवला.

मध्यंतरानंतर ते कुटुंब एका शेतीच्या खेळात येऊन पडलं. हिरवंगार शिवार, एक बैलगाडी, आणि झाडाखाली बसलेला एक पांढरा बैल. निकितानं बापाचा हात धरला आणि कानाशी हळूच म्हणाली, “आप्पा, हा बैल माझा. अख्खा माझा. चार महिने लागले.”

बैल उठला. आधी मागचं अंग उचललं, मग पुढचा एक गुडघा टेकून पुढचं. वैजनाथ समोशाचा कागद चुरगाळत होता, तो हात थांबला. असं उठणं चित्र काढणाऱ्याला जमत नाही, ते बैलाला घोड्यासारखा उठवतात, हे त्यानं भिंतीवरच्या कितीतरी जाहिरातींत बघितलेलं होतं. मग बैल गाडी ओढायला लागला. गाडी दोन बैलांची, जूही दोघांचं, पण ओढणारा एकटाच. आणि तो सरळ चालत नव्हता. डाव्या अंगाला रेलून चालत होता, उजवीकडं जागा सोडून. जन्मभर जोडीनं चाललेल्या बैलाचा जोडीदार मेला की तो असाच चालतो. कितीतरी दिवस ती जागा सोडतच चालतो. पुण्याच्या गार खोलीत बसून हे पोरीला कुणी सांगितलं? कुणीच नाही. लहानपणी गाडीमागून अनवाणी चालताना तिनं ते बघितलं होतं, आणि वीस वर्षं डोळ्यांत जपून ठेवलं होतं. वैजनाथचा जीव भरून आला. असं जनावर बाजारात दिसलं असतं तर ते त्यानं दुसऱ्याच्या हाती लागूच दिलं नसतं.

आणि जीव भरून आल्यावर त्याच्या तोंडून जे यायचं तेच आलं.

“वशिंड मागं गेलंय,” तो मोठ्यानं म्हणाला. “शेपूट आखूड हाय. कान बघा कसं, रेडकाचं लावल्यावानी. ज्यानं हे काढलंय त्यानं जन्मात शेण काढलं नसंल!”

गुंडाप्पा इतका हसला की त्याला ठसका लागला. निकितानं बापाच्या हातावरचा आपला हात काढून घेतला.

सिनेमा संपला. चौकोनी पोराला चौथा जीव मिळाला की नाही, हे वैजनाथच्या ध्यानातच आलं नाही. दिवे लागले, लोक चपला शोधायला लागले, आणि पडद्यावर इंग्रजीत नावांची रांग वर सरकायला लागली. निकिता उभी राहून आपल्या नावाची वाट बघत होती म्हणून ही सगळी मंडळीही ताटकळली. झाडूवाली बाई पायांत झाडू घालत होती. शेकडो नावं गेली. एका जागी निकितानं बोट दाखवलं, तोवर ते नाव वर निघूनही गेलं.

“एवढंसंच?” हरणाबाई म्हणाली. “आमच्या लग्नपत्रिकेत चुलत्याचं नाव बी यापरीस मोठं असतंय.”

बाहेर जिन्यात निकितानं बापाला अडवलं. गुंडाप्पाची मंडळी पुढं गेली होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

“तो बैल माझा आहे, हे तुमाला सांगितलं हुतं की नव्हतं?”

“सांगितलं हुतं.”

“मग?”

वैजनाथनं जिन्याचा कठडा हलवून बघितला.

“मी बाजारातलं जनावर न्हाय, आप्पा. पण तुमाला दुसरी भाषाच येत न्हाय, म्हणून त्याच भाषेत सांगते. खोडी गिऱ्हाईक काढतं. मालक काढत न्हाय. मालक आपल्या जनावराच्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो. तुमी आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या बाजूनं उभे राहिलात. आज एक दिवस माझ्या बाजूनं उभं राहायचं हुतं.”

ती खाली उतरून गेली. वैजनाथला ते झोंबलं, कारण ती म्हणाली ते अक्षर न् अक्षर खरं होतं. त्यानं जन्मात एकही बैल विकलेला नव्हता. त्याच्या दावणीचे बैल म्हातारे होऊन दावणीलाच मेले होते. मालकानं काय बोलायचं असतं, हे पंचक्रोशीतल्या सगळ्यात मोठ्या पारख्याला ठाऊकच नव्हतं.

स्टँडजवळच्या हॉटेलात सहाजण टेबलाला बसले. चहा आला. गुंडाप्पा खुशीत होता.

“पावणं, तुमी मोठं पारखी. तुमच्याच तोंडानं ऐकलं, त्यात काय दम न्हाय. आमी येगळं काय म्हणत हुतो? पोरीनं ते सोडावं, घरादाराचं बघावं. दिवाळी झाली की तारीख धरू.”

सगळ्यांनी वैजनाथकडं बघितलं. आता ‘चांगलं’ म्हणायचं होतं. माझ्या पोरीनं काम चांगलं केलंय, पाच शब्द. त्यानं घसा साफ केला. शब्द गळ्यापर्यंत आला आणि पहिल्यांदाच गाडीला जुंपलेल्या खोंडासारखा आडवा बसला. त्यानं पाण्याचा घोट घेतला. निकिता टेबलावरच्या ओल्या गोलावर बोट फिरवत होती, वर बघत नव्हती. पोरीचं काम सुटतंय हे वैजनाथला स्वच्छ दिसत होतं, आणि ते थांबवायचं तर त्याच्यापाशी एकच शब्दसंग्रह होता, बाजारातला. त्यानं तोच उघडला.

“गुंडाप्पा,” तो म्हणाला, “तुमचं घर लई चांगलं. जमीन चांगली, माणसं चांगली. पोरगं तर सोनं हाय. नाव ठिवाया जागा न्हाय.”

उमाबाईच्या बशीतला चहा तिच्या पातळावर सांडला. हरणाबाईनं पदर आवळून घेतला. गुंडाप्पाचं हसू जिथल्या तिथं वाळलं. बाजाराची रीत त्यालाही ठाऊक होती, थेटरात तो ती सोयीनं विसरला होता एवढंच. वैजनाथला घेऊन त्यानं स्वतः दोन बैल घेतले होते. पारख्याला जनावर घ्यायचं नसलं की तो खोडी काढत बसत नाही. पाठीवर थाप मारतो, ‘लई झ्याक जनावर’ म्हणतो, आणि पुढच्या दावणीला निघून जातो.

ज्याची स्तुती झाली त्या कुलदीपचं शिक्षण होस्टेलात झालेलं, नोकरी बँकेतली. तो लाजून हसला.

“थँक्यू काका.”

“ऊठ,” गुंडाप्पा म्हणाला.

“कुठं?”

“घरी. पावण्यांनी न्हाय म्हणलंय.”

“कधी? ते तर चांगलंच बोलले की.”

“चांगलं बोलले म्हणूनच म्हणतो. ऊठ!” गुंडाप्पानं खुर्ची मागं ढकलली आणि तो उभा राहिला.

निकितानं कपाळावर हात मारला. “आप्पा, मी म्हणलं हुतं माझं काम चांगलं म्हणा. ह्यांना न्हाय म्हणा असं कुठं म्हणलं हुतं?”

“आता म्या बोलू तरी काय!” वैजनाथ कळवळून म्हणाला. “वाईट म्हणलं तरी घोटाळा, चांगलं म्हणलं तरी घोटाळा!”

कुलदीप मात्र उठला नव्हता. कशावरून काय बिनसलं हे त्याला कळलंच नव्हतं. त्याच्या डोक्यात दुसरंच काही घोळत होतं. तो निकिताकडं वळला.

“मघापासून एक विचारायचं राहिलंय. तो बैल एका अंगाला रेलून का चालत होता? म्हणजे, उजवीकडं कुणीतरी आहे असं धरून?”

निकिताचं बोट टेबलावर थांबलं. “त्याचा जोडीदार मेलेला आहे. सिनेमात तसं कुठं सांगितलेलं नाही. मी माझ्या मनानंच ठेवलं.”

“वाटलंच मला. बाबा, राण्या मेल्यावर आपला बाळ्या असाच चालायचा की. आठवतंय?”

गुंडाप्पाला उत्तर द्यायचं नव्हतं. पण बैलाबद्दल खोटं बोलणं त्याच्याही रक्तात नव्हतं.

“व्हय,” तो पुटपुटला. “वरीसभर.”

वैजनाथनं आता पहिल्यांदा कुलदीपकडं नीट बघितलं. आख्ख्या थेटरानं तो बैल बघितला, कुणी हसलं, कुणी घोरलं, कुणी शेंगा सोलल्या. ती मोकळी जागा दोघांनाच दिसली होती, एक तो स्वतः आणि दुसरा हा बँकेतला पोरगा. वैजनाथची नजर पोराच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरली, परत वर आली.

“पोरगं वाकून बसतंय,” तो म्हणाला.

निघायला वळलेला गुंडाप्पा जागीच थांबला. “काय म्हणला?”

“पाठीत बाक हाय. मान बारीक. चष्मा बी जाड दिसतोय मला.”

गुंडाप्पाचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला. तो सावकाश बसला. “आनखी?”

“आनखी म्हंजे, तुमचं घर रस्त्याला चिकटून हाय. धूळ लई. आन न्हाणीघर उगवतीला काढलंय, ते चुकलं.”

“आवो, आमचं न्हाणीघर—” हरणाबाई उसळली.

“तू गप. बोलू दी पावण्यास्नी,” गुंडाप्पा म्हणाला आणि त्यानं खिशातून तंबाखूची डबी काढली.

“आन एक खोड माझ्या पोरीत बी हाय.” वैजनाथनं खुर्ची पुढं ओढली. त्यानं हात लांबवला आणि निकिताच्या पाठीवर ठेवला. असा हात त्यानं ती शाळेत जायला लागल्यापासून ठेवला नव्हता. “एक बैल काढाया बसली की चार म्हैनं जागची हालत न्हाय. ही खोड जायची न्हाय, आन म्या ती जाऊ दिणार न्हाय. लातूरला आली तर खोडीसकट यील. पटत असंल तर बोला.”

गुंडाप्पा तंबाखू मळत राहिला. मळता मळता म्हणाला, “ही खोड मोठी हाय, पावणं.”

“लई मोठी हाय,” वैजनाथ म्हणाला, आणि अभिमानानं त्याची मान ताठ झाली.

“मला चालतंय, बाबा,” कुलदीप म्हणाला.

“तुला कोण इचारतंय?”

“म्या इचारतोय,” वैजनाथ म्हणाला.

गुंडाप्पानं चिमूट तोंडात टाकली. पोराकडं बघितलं, निकिताकडं बघितलं, आणि नाइलाज झाल्यासारखी मान हलवली. “बरं. खोडीसकट.”

तेव्हा वैजनाथच्या लक्षात आलं की दोन महिने ही बोलणी चालली आहेत, ह्या घरानं त्या घराला विचारलं, त्या घरानं ह्या घराला विचारलं, आणि जिचं लग्न तिला आपण एकदाही तोंडानं विचारलेलं नाही. तो तिच्याकडं वळला.

“आन तुला गं? तुला कसं वाटतंय पोरगं?”

निकितानं कुलदीपकडं बघितलं. ह्या सगळ्या गडबडीत त्यानं चहा बशीत ओतला होता आणि सगळे आपल्याकडं बघताहेत हे न कळून तो फुर्रकन ओढत होता.

“चहा पिताना आवाज लई करतो,” ती म्हणाली.

उमाबाई पदरात तोंड लपवून हसायला लागली, आणि गुंडाप्पानं आणखी सहा चहा सांगितले.